अधिक नसावे

सिस्टर बेनिग्नांच्या पत्राला लेलंड व्रोबेलने अठ्ठावीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. विसरलो, असं म्हणायची सोय नव्हती. पत्र त्याच्या जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं आणि शब्दकोश तो रोज उघडायचा. नेमक्या त्या पानावरचा एखादा शब्द पाहायची वेळ आली तर तो मन घट्ट करून पुढे जायचा. एक-दोनदा तर ते पान टाळण्यासाठी त्याने लिहितालिहिता दुसराच शब्द वापरला होता.

पत्र पाठ होतं.

‘प्रिय लेलंड, नव्या मैदानाच्या करारनाम्याची प्रत सार्वजनिक वाचनालयात ठेवली आहे. मी ती पूर्ण वाचली. पूर्ण वाचणारी मीच पहिली, असे तिथल्या बाई म्हणाल्या. मसुदा तू केलास हे तुझ्या आईकडून कळले. भाषा स्वच्छ आहे. विरामचिन्हे जागच्या जागी आहेत. एकच छापील चूक राहिली आहे. कलम चौदा : संघाने द्यावयाचे भाडे वार्षिक कर्जफेडीच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. येथे “अधिक” नव्हे, “कमी” हवे. भाडेकरूने किमान किती द्यावे हे सांगतात. त्याने फार देऊ नये अशी अट कोणी घालत नाही. सह्या होण्यापूर्वी दुरुस्त करून घे.’

सोबत त्या पानाची झेरॉक्स. ‘अधिक’भोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, आणि वर कोपऱ्यात, पाचवीच्या वर्गात द्यायच्या तसेच मार्क : ९९/१००.

पोर्ट ऑलिव्हरच्या सहाव्या वॉर्डातल्या निम्म्या लोकांना व्याकरण सिस्टर बेनिग्नांनी शिकवलं होतं. लेलंड त्यांचा आवडता विद्यार्थी. तोंडातून शब्द न फुटणारा, पण कागदावर एकही न चुकणारा. पुढे तो शहरासाठी कर्जरोख्यांची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका वकिलांच्या कचेरीत लागला. स्वतः वकील नव्हता. वकिलांच्या डोक्यात जे असे ते बिनफटीच्या वाक्यांत बसवायचं, एवढंच त्याचं काम. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एक छापील चूक गेली नव्हती.

आणि हीसुद्धा छापील चूक नव्हती. म्हणूनच तर उत्तर देता येईना. त्याने तेव्हा पाकीट घेतलं, त्यावर कॉन्व्हेंटचा पत्ता घातला, बत्तीस सेंटांचं तिकीटही चिकटवलं. आत घालायचा कागद तेवढा लिहून झाला नाही.

यंदा मार्चमध्ये एका सकाळी कॉफी पिताना त्याने सवयीप्रमाणे वर्तमानपत्रातल्या सरकारी नोटिशी वाचायला घेतल्या. बारीक टायपातलं हे पान शहरात बहुधा तो एकटाच वाचत असावा. हॅमर्स हा शहराचा बेसबॉल संघ. त्यांचं मैदान सव्वीस वर्षांचं झालं, म्हणजे संघमालकांच्या मते मोडीत निघालं. नवं बांधायचं. शहराने कर्जरोखे काढायचे. जनसुनावणी मंगळवारी सकाळी दहाला. करारनाम्याची प्रत वाचनालयात पाहण्यासाठी उपलब्ध.

लेलंड टोपी घालून वाचनालयात गेला. दोनशे बारा पानं होती. कलम चौदाशी तो थांबला.

‘संघाने द्यावयाचे भाडे वार्षिक कर्जफेडीच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे; तथापि...’

त्याचंच वाक्य. ‘तथापि’च्या आधीचा अर्धविरामसुद्धा त्याचाच. आकडे बदलले होते, मालक बदलले होते, वाक्य तसंच उचललं होतं. त्याला आधी क्षणभर, अगदी क्षणभरच, बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत कोणाला त्यात फट सापडली नव्हती. मग आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला इतकी लाज वाटली, की समोरच्या बाईंनी विचारलं, पाणी देऊ का?

शुक्रवारी सेंट हेडविग चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतला, मांसाऐवजी मासळीचा बेत होता. तळलेला कॉड, कोबीची कोशिंबीर, पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या. वाढायला बर्नाडीन कोसिक. तिने तीस वर्षं शहराची बस चालवली होती, आणि अजून ती माणसांशी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवूनच बोलायची. मैदानाविरुद्ध सह्या गोळा करायचा बोर्ड तिने एप्रनच्या दोरीला बांधला होता.

“काय रे लेलंड, मासा थंड झाला तुझा. तोंड असं का? कोण गेलं?”

“कलम चौदा,” लेलंड म्हणाला.

“हा कुठला? आपल्या चर्चचा?”

लेलंडने सांगितलं. हळू, ताटाकडे बघत. तिने झारा खाली ठेवला आणि त्याच्यासमोर बसली.

“थांब. बस चालवणारीला समजेल असं सांग. कर्ज काढणार शहर?”

“हो. ते रोखे जो घेईल त्याला व्याजावर केंद्राचा कर नाही. म्हणून तो स्वस्तात पैसे देतो.”

“बरं.”

“पण अट आहे. फेडीतला दहावा हिस्साच खासगी खिशातून यावा. संघाने त्याहून जास्त भरलं, की करमाफी गेली.”

“म्हणजे संघाने जास्त भरू नये म्हणून कागद करायचा?”

“हो.”

“आणि उरलेले नव्वद?”

“आपण. तू मोजे घेतेस, टायर घेतेस, त्यावर डॉलरमागे अर्धा सेंट कर. गेली अठ्ठावीस वर्षं. आता आणखी तीस.”

“आणि ते करमाफीचं भगदाड?”

“ते अख्ख्या देशाने भरायचं. नेब्रास्कात मक्याच्या शेतात उभ्या असलेल्या बाईनेसुद्धा. तिने हॅमर्सचं नावही ऐकलेलं नसेल. गंमत अशी, की ही अट वॉशिंग्टनने घातली ती असले सौदे बंद पडावेत म्हणून. नव्वद टक्के आपल्याच गळ्यात बांधून घेईल इतकं खुळं शहर असेल, असं त्यांना वाटलं नाही.”

“पोर्ट ऑलिव्हर बघितलं नव्हतं त्यांनी,” बर्नाडीन म्हणाली. “आणि हे वाक्य तू लिहिलंस.”

“मी लिहिलं.”

तिने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती कॉसूथ स्ट्रीटवर वाढली होती, आणि पहिल्या मैदानासाठी कॉसूथ स्ट्रीट नकाशावरूनच पुसली गेली होती.

“मंगळवारी हे सांगायचं,” ती म्हणाली.

“मी लिहून देतो. तू वाच.”

“मी का वाचू? मी काही लिहिलं नाही.”

“बर्नाडीन, मला जमत नाही गं. मी चर्चमध्ये धडा वाचायलासुद्धा उभा राहिलो नाही कधी.”

“ठाऊक आहे. तुझ्या आईच्या अंत्यविधीला तू जे बोललास ते फक्त शवपेटीला ऐकू गेलं.” ती उठली आणि झारा उचलला. “मंगळवारी ते बहुमताने मंजूर करणार. बहात्तर वर्षांचा झालास, आता तुझी नोकरी जायची भीती नाही. मासा खा.”

तीन दिवस लेलंडने स्वतःशी वाद घातला. आपण साधा लेखनिक, आपलं कोण ऐकणार. कचेरीचं गुपित फोडल्यासारखं होईल का? पण गुपित कसलं, करारनामा अठ्ठावीस वर्षं वाचनालयात उघडा पडला होता. मग शेवटचं, जे तो कोणालाच सांगत नसे. त्याला हॅमर्स आवडायचे. वर्षातून दोनदा सर्वांत वरच्या, सर्वांत स्वस्त रांगेत बसून तो पेन्सिलीने धावफलक भरायचा. उरलेले सामने रेडिओवर. शहरात लाखभर अनोळखी माणसांशी त्याचं एवढंच काय ते नातं होतं, आणि त्यासाठी बोलावं लागत नसे. संघ निघून गेला तर?

सोमवारी त्याने शब्दकोश उघडला, ते पान टाळलं नाही, आणि पत्र कोटाच्या खिशात ठेवलं.

सुनावणी सकाळी दहाला ठेवली होती ती कामावरच्या माणसांना येता येऊ नये म्हणून. त्यामुळे सभागृह म्हाताऱ्यांनी भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत संघाने फुकट वाटलेल्या नव्या टोप्या घालून काही मंडळी बसली होती. बोलणाऱ्याने नाव आणि पत्ता सांगायचा, मग तीन मिनिटं. माईकसमोर तीन दिवे, हिरवा, पिवळा, लाल.

“लेलंड व्रोबेल,” अध्यक्षांनी पुकारलं. अध्यक्ष मोठ्या शरीराचे, घाईचे गृहस्थ होते. चष्मा कपाळावर, नजर घड्याळावर.

लेलंड माईकपाशी गेला. माईक त्याच्या हनुवटीच्या खूप वर होता. तो खाली ओढण्यात आणि घसा साफ करण्यात हिरवा दिवा अर्धा संपला.

“लेलंड व्रोबेल. चारशे अकरा, पुलास्की स्ट्रीट.”

“मोठ्याने बोला, सर.”

“कलम चौदा... कलम चौदा मी लिहिलं आहे. पहिल्या मैदानाच्या वेळी. तेच इथे परत... म्हणजे तेच वाक्य...” कागदावरचं बोट घसरलं. दोन ओळी सुटल्या. त्या शोधेपर्यंत पिवळा लागला. “एका बाईंनी मला त्याबद्दल पत्र लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, की इथे...”

लाल.

“वेळ संपली, मिस्टर व्रोबेल. आभारी आहे. पुढे, बर्नाडीन कोसिक.”

लेलंड मागे वळला तेव्हा बर्नाडीन वाटेत उभी होती. तिने त्याला जाऊ दिलं नाही, बाहीला धरून आपल्या शेजारीच उभं केलं.

“बर्नाडीन कोसिक. नऊ, कॉसूथ स्ट्रीट.”

अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला. “कॉसूथ स्ट्रीट अशी जागा शहरात नाही, मॅडम.”

“तुमच्या नोटिशीत आहे की! ‘प्रस्तावित मैदान कॉसूथ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर.’ जुना कागद उतरवताना रस्ता पण उतरवलात. माझ्या बापाचं स्वयंपाकघर सध्या मैदानातल्या दुसऱ्या बेसखाली आहे. मी तिथली. बोलू?”

सभागृह हसलं. टोप्यावालेही हसले.

“बोला. तीन मिनिटं.”

“मला एकच विचारायचंय. लेलंड, त्या बाईंनी काय लिहिलं होतं?”

“प्रश्न अध्यक्षांना उद्देशून विचारायचे असतात, मॅडम.”

“बरं. अध्यक्षमहाराज, त्या बाईंनी लेलंडला काय लिहिलं होतं?”

“मला कसं माहीत असणार?”

“मग विचारा ना त्याला! हा काय इथेच उभा आहे.”

हशा वाढला. अध्यक्षांनी हातोडा उचलला, पण तेवढ्यात सहाव्या वॉर्डाच्या सदस्या ओडेसा ट्रिम्बल यांनी बोट वर केलं. उंच, सडपातळ बाई. आवाज कधी चढत नसे, म्हणूनच सगळे ऐकायचे.

“सदस्याला वक्त्याला प्रश्न विचारता येतो, आणि त्याला दिवे लागू नसतात. मिस्टर व्रोबेल, पत्र आणलंय का?”

“हो, मॅडम.”

“सावकाश वाचा.”

लेलंडने वाचलं. वाचायचं म्हणजे फक्त म्हणायचं होतं, त्यामुळे कुठे अडलं नाही. लाल वर्तुळाचं सांगितलं. मार्कांचं सांगितलं. ‘सिस्टर बेनिग्ना’ हे नाव आलं तेव्हा सभागृहात एक वेगळीच हालचाल झाली. बरीच माणसं नकळत ताठ बसली.

“शहराचे वकील,” ओडेसाबाई म्हणाल्या, “हे तर खरंच छापील चुकीसारखं दिसतंय. मी दुरुस्ती सुचवते. कलम चौदात ‘अधिक’च्या जागी ‘कमी’.”

वकील कॅल्डर तरुण होता, नीटनेटका. “मॅडम, ही रूढ भाषा आहे. असल्या प्रत्येक करारात...”

“रूढ नाही,” लेलंड म्हणाला.

कॅल्डरने त्याच्याकडे पाहिलं.

“माझी आहे ती. ‘तथापि’च्या आधी अर्धविराम आहे बघा. तो इथे नसतो. पूर्णविराम करून नवं वाक्य घेतात. मी घ्यायचो नाही. माझी खोड होती ती.” लेलंडला आपलाच आवाज माईकमधून ऐकू येत होता, आणि तो त्याच्या कल्पनेपेक्षा जाड होता. “तुम्ही माझं वाक्य उतरवलंत, साहेब. मग त्याचा अर्थही ठाऊक असेल.”

“मिस्टर कॅल्डर,” ओडेसाबाई म्हणाल्या, “एक शब्द बदलला तर काय होईल?”

“रोख्यांची करमाफी जाईल.”

“आणि?”

“व्याज वाढेल. कर्जफेडीचा मोठा भार संघावर येईल. संघ ते मान्य करणार नाही.”

“म्हणजे ‘अधिक’ ही छापील चूक नाही.”

कॅल्डरने पाण्याचा घोट घेतला. “तांत्रिकदृष्ट्या...”

“नोंद होतेय. हो की नाही?”

“नाही. ती चूक नाही. ते मुद्दाम आहे.”

लेलंडने माईकची कड धरली. अठ्ठावीस वर्षं जे उत्तर आपल्याला लिहिता आलं नाही, ते हा पोरसवदा माणूस पाण्याच्या एका घोटात देऊन मोकळा झाला होता. तो वाकला आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, “मला तेव्हाही ठाऊक होतं. मुद्दाम होतं ते. लिहिणारा मीच. यांनी फक्त नक्कल केली. आता तुम्ही मत द्याल ते ठाऊक असूनच द्याल. छापील चूक होती, असं तुम्हाला कोणाला म्हणता येणार नाही. मला येत नव्हतं, तसंच.”

मागून कोणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी हातोडा आपटला. मग दुरुस्तीवर मतदान. कारकून नावं पुकारत गेला. हो, नाही, नाही, हो. टोपी घातलेले एक वयस्क सदस्य होते, संघाच्या प्रत्येक मेजवानीत दिसणारे. सगळ्यांनी त्यांचं मत संघाच्या बाजूने आधीच धरलेलं होतं. त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“सिस्टर बेनिग्नांनी मला चौथीत नापास केलंय,” ते म्हणाले. “परत व्हायचं नाही. हो.”

सहा विरुद्ध पाच. ‘अधिक’ गेलं, ‘कमी’ आलं. शेवटच्या रांगेतला संघाचा माणूस फोन कानाला लावून निकाल जाहीर व्हायच्या आत बाहेर पडला होता.

पायऱ्यांवर एका टोपीवाल्याने लेलंडला गाठलं. चाळिशीचा, रागाने लालबुंद.

“ए म्हाताऱ्या! संघ गेला ना शहर सोडून, तर तुझ्यामुळे. समजलं?”

एरवी लेलंड बाजूने निघून गेला असता. आजही पाय तिकडेच वळत होते. पण तो थांबला.

“गेला तर मी रडेन,” तो म्हणाला. “सहा वर्षांचा असल्यापासून रेडिओवर ऐकतोय मी त्यांना. तुझ्या बापाच्या आधीपासून. घरी बसून, दार लावून, मनसोक्त रडेन. पण त्यांचं भाडं भरणार नाही.”

तो माणूस टोपी खाली ओढून पायऱ्या उतरू लागला.

“आणि जाणारच असतील,” बर्नाडीन मागून ओरडली, “तर किल्ली ठेवून जा म्हणावं! माझं स्वयंपाकघर आहे तिथे!”

दुपारी चारच्या बातम्यांत संघाने निवेदन काढलं. प्रस्ताव तूर्तास मागे घेतला आहे, इतर शहरांशी बोलणी सुरू आहेत. लेलंडने रेडिओ बंद केला. परत येतील. दुसरे वकील आणतील, वाक्य फिरवून घालतील, कदाचित कलम एकोणीसमध्ये. येऊ देत. वाचनालय सकाळी नऊला उघडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टेबल पुसलं आणि कागद घेतला. सिस्टर बेनिग्ना अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. डोळे अधू झाले होते, म्हणून त्याने अक्षर मोठं काढलं.

‘प्रिय सिस्टर,

आपले ९ ऑक्टोबर १९९६चे पत्र पोहोचले. उत्तरास उशीर झाला.

कलम चौदातील चूक छापील नव्हती. ती मी समजून-उमजून लिहिली होती. आपण छापील म्हणालात तेव्हा मला कबूल करता आले नाही, म्हणून मी गप्प राहिलो. काल शहराने आपली दुरुस्ती स्वीकारली. “अधिक”च्या जागी “कमी” घातले आहे. ते पुन्हा “अधिक” करू पाहतील. मी लक्ष ठेवून आहे, आणि आता मला बोलताही येते, असे बर्नाडीन कोसिक म्हणते. (कोसिकांची मधली. वर्गात च्युइंगम खायची ती.)

आपण एकच मार्क कापला, तो कमी कापला. पेपर सोबत परत जोडत आहे. पुन्हा तपासावा.

आपला विद्यार्थी,
लेलंड’

त्याने ते वाचलं. एक स्वल्पविराम काढावासा वाटला. काढला नाही.

पाकीट जुनंच घेतलं. कॉन्व्हेंटचा पत्ता बदललेला नव्हता. सिस्टर फक्त दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आल्या होत्या. कडेचा गोंद सुकला होता, तिथे त्याने चिकटपट्टी लावली. बत्तीस सेंटांच्या पिवळट तिकिटाशेजारी आणखी दोन तिकिटं डकवली, आणि एक जास्तीचं, न जाणो.

पुलास्की स्ट्रीटच्या कोपऱ्यावर निळी टपालपेटी होती. लेलंडने झाकण ओढलं, पाकीट आत सोडलं, झाकण लावलं. मग पुन्हा उघडून आत पाहिलं. पाकीट कुठे अडकलं नव्हतं. खाली पडलं होतं.